उमेदवारीला मुदत हवी

पावसाळ्याच्या तोंडाशी विद्यापीठांच्या पदवी परीक्षांचे निकाल लागतात आणि त्यापाठोपाठ स्वारगेटच्या व वाकडेवाडीच्या एस.टी. स्थानकांवर एक विशिष्ट प्रकारचा प्रवासी उतरू लागतो. एका हातात कपड्यांची पेटी, दुसऱ्या हातात पुस्तकांचे बोचके, खिशात गावाकडच्या कुणा मित्राचा पत्ता आणि मनात एकच निश्चय: स्पर्धा परीक्षा द्यावयाची आणि अधिकारी होऊनच गावी परतावयाचे. लातूर, नांदेड, बीड, परभणी, यवतमाळ, बुलढाणा, सोलापूर, नंदुरबार, महाराष्ट्राचा असा एकही कोपरा नसेल की जेथील पदवीधर या आशेने पुण्यात आलेला नाही. सदाशिव, नारायण आणि नवी पेठ या आमच्या शहराच्या जुन्या वस्त्यांतून आज वाड्यांच्या जागी अभ्यासिका आणि खानावळी उभ्या आहेत. शास्त्री रस्त्यावर रात्री अकरा वाजता चहाच्या गाडीभोवती उभे असलेले तरुण कोणत्या विषयावर वाद घालीत आहेत हे पाहावे, तर तो बहुधा राज्यघटनेच्या एखाद्या अनुच्छेदावर असतो.

हे दृश्य आता इतके परिचयाचे झाले आहे की त्याकडे पुणेकरांचे लक्षही जात नाही. गेले तर ते घरभाड्याच्या निमित्ताने तरी जाते किंवा वाहतुकीच्या तक्रारीच्या निमित्ताने तरी. परंतु प्रश्न पुण्याच्या पेठांचा नाही. एका पिढीची वयाच्या बाविसाव्या ते तिसाव्या वर्षांपर्यंतची, म्हणजे आयुष्यातील सर्वांत कर्तबगारीची वर्षे कोणत्या कामी लागत आहेत आणि त्यांचा हिशेब कोण ठेवीत आहे, असा तो प्रश्न आहे. म्हणूनच त्याचा विचार करावयास हवा, आणि तोही या तरुणांना चार उपदेशाचे शब्द ऐकवून मोकळे होण्याच्या वृत्तीने नव्हे.

प्रथम हे तरुण येथे का येतात ते नीट समजून घेतले पाहिजे. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी असे आपल्याकडची जुनी म्हण सांगत आली. ही म्हण ज्या शेतकऱ्याच्या तोंडी होती त्यानेच आज तिचा क्रम उलटा करून टाकला आहे. दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, पावसाचा लहरीपणा आणि बाजारभावाचा त्याहून मोठा लहरीपणा यांच्या कात्रीत सापडलेला बाप आपल्या मुलाला शेतीत राहा असे कोणत्या तोंडाने सांगणार? जिल्ह्याच्या गावी पदवीधराला मिळणारी खाजगी नोकरी म्हणजे एखाद्या पतसंस्थेतील किंवा दुकानातील तुटपुंज्या पगाराची जागा. तिला उद्याची शाश्वती नाही आणि गावात मानही नाही. उलट, त्याच गावचा एखादा मुलगा फौजदार किंवा तहसीलदार होतो तेव्हा वेशीपासून त्याची मिरवणूक निघते आणि चौकात त्याच्या छायाचित्राचा फलक लागतो. ज्या कचेरीच्या दाराशी बापाने सात-बाराच्या उताऱ्यासाठी हेलपाटे घातले, त्याच कचेरीत आपण खुर्चीवर बसावे, अशी आकांक्षा मुलाने बाळगली तर ती अस्वाभाविक नाही. तिच्यात पोटाचा प्रश्न आहे, प्रतिष्ठेचा आहे आणि न्यायाच्या तहानेचाही थोडा अंश आहे.

या आकांक्षेला इतिहासाचे पाठबळही आहे. इंग्रजी अमदानीत सनदी सेवेची परीक्षा द्यावयाची तर समुद्र ओलांडून लंडन गाठावे लागे. ती हिंदुस्थानात घेण्यास १९२२ साली प्रारंभ झाला आणि तीही अलाहाबादेस. १९१८ साली चिंतामणराव देशमुखांनी त्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकाविला, तेव्हा महाराष्ट्राला झालेल्या आनंदाचे कारण हेच की ते दार आपल्यासाठी जवळजवळ बंद होते. स्वातंत्र्यानंतर ते हळूहळू उघडत गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबरच राज्याचा लोकसेवा आयोग अस्तित्वात आला. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ पासून केंद्रीय सेवांच्या मुख्य परीक्षेची उत्तरे भारतीय भाषांतून लिहिण्याची मोकळीक मिळाली. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला मुलगा जिल्हाधिकारी होऊ शकतो, ही गोष्ट लोकशाहीने मिळविलेल्या मोठ्या विजयांपैकी एक आहे. ओळख लागत नाही, देणगी लागत नाही, कुळ विचारले जात नाही. केवळ उत्तरपत्रिका तपासली जाते, हा विश्वास ज्या परीक्षेने खेड्यापाड्यांत पोहोचविला तिची थट्टा करणे आम्हांस मान्य नाही.

परंतु दार उघडे असणे निराळे आणि त्यातून किती जण आत जाऊ शकतात हे निराळे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले. त्यांपैकी ५,८३,२१३ उमेदवार पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले. मुख्य परीक्षेस १४,६२७ पात्र ठरले, मुलाखतीपर्यंत २,८४५ पोहोचले आणि अखेर शिफारस झाली ती १,००९ जणांची. म्हणजे परीक्षेस बसलेल्या दर ५७८ जणांमागे एक. शिवाय मुलाखतीचा उंबरठा गाठूनही अठराशेहून अधिक जण रिक्त हस्ते परतले आणि त्यांना पुन्हा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पायरीवर उभे राहावे लागले. राज्यातील चित्र यापेक्षा दिलासा देणारे नाही. २०२३ साली तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गास एक हजार आणि राखीव प्रवर्गास नऊशे रुपये होते. दहा लाखांस नऊशेने गुणले तरी नव्वद कोटी रुपये होतात. ज्यांना नोकरी नाही, त्यांच्याच खिशातून केवळ नोकरी मागण्याबद्दल ही रक्कम जमा झाली, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही.

हे आकडे गुपित नाहीत. तरीही ते उमेदवाराच्या मनावर ठसत नाहीत, कारण त्याच्या डोळ्यांपुढे असतात ते फलकांवरचे चेहरे. खाजगी शिकवणीवर्गांचे फलक यशस्वी झालेल्यांची छायाचित्रे मांडतात. त्याच वर्गात शुल्क भरून बसलेल्या बाकीच्यांचे काय झाले याची नोंद कोणत्याही फलकावर नसते. लॉटरीच्या दुकानावर जिंकलेल्याचेच नाव लिहिलेले असावे, तसा हा प्रकार आहे. मात्र येथे तिकिटाची किंमत पैशांत भरावयाची नसते. ती वर्षांत भरावयाची असते.

तरीसुद्धा आमच्या मते या प्रश्नाचे मर्म अपयशात नाही. परीक्षा म्हटली की उत्तीर्ण-अनुत्तीर्ण होणे आलेच. आम्ही या खुर्चीवर येण्यापूर्वी काही वर्षे फळ्यापुढे उभे राहिलो आहोत, आणि नापास झालेला मुलगा पुन्हा उभा राहतो हे तेथे अनेकदा पाहिले आहे. निकाल कितीही कठोर असला तरी तो लागला की पुढचा रस्ता दिसू लागतो. माणसाला खिळखिळे करते ते निकाल न लागणे, तारीख न कळणे, आणि नियुक्तीचे पत्र आज येईल की पुढल्या वर्षी येईल याची टांगणी. अपयश पचविता येते. अनिश्चितता पचविता येत नाही. आणि ही अनिश्चितता दैवाने निर्माण केलेली नाही. ती राज्यकारभाराने निर्माण केली आहे.

गेल्या काही वर्षांतील घटना पाहा. ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा महामारीमुळे आणि नंतर इतर कारणांनी एकामागून एक पुढे ढकलली गेली. अखेर १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली, आणि परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना तीही रद्द झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा पुण्यातील उमेदवार रस्त्यावर उतरले आणि एका आठवड्याने, २१ मार्चला, ती घेण्यात आली. २०१९ च्या परीक्षेत यशस्वी झालेल्यांची यादी लागूनही त्यांच्या नियुक्त्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे दीर्घ काळ अडकून पडल्या. त्याच २०२१ साली पूर्व व मुख्य या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहत असलेल्या पुण्यातील एका तरुण अभियंत्याने आपले जीवन संपविले. त्या वेळी विधिमंडळात गदारोळ झाला आणि आयोगाच्या सदस्यांची रिक्त पदे भरण्याचे आश्वासन देण्यात आले. एका घरातला दिवा विझल्यानंतर शासनाला रिक्त पदांची आठवण व्हावी, याहून अधिक कठोर भाष्य या कारभारावर दुसरे काय असू शकेल?

त्यानंतरही घडी बसली असे म्हणता येत नाही. आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण २०२१ चेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात म्हाडाची परीक्षा ऐन वेळी रद्द झाली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ साली जाहीर झाला, उमेदवारांनी आंदोलने केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो २०२५ पासून अंमलात आणण्याचे ठरले. निर्णय मुळात चांगला होता की वाईट, हा वेगळा मुद्दा आहे. विचार करून लिहिता येणे ही अधिकाऱ्याची कसोटी असावी असेच आमचे मत आहे; परंतु चांगल्या निर्णयालाही पूर्वसूचनेचे सौजन्य लागते. २५ ऑगस्ट २०२४ रोजी ठरलेली पूर्वपरीक्षा बँकांच्या परीक्षेच्या दिवशीच आली म्हणून पुण्यात पुन्हा आंदोलन झाले, आणि ती परीक्षा १ डिसेंबरला गेली. एकाच दिवशी दोन परीक्षा ठेवू नयेत एवढे कळण्यासाठी तरुणांनी रात्रंदिवस रस्त्यावर बसावे काय?

यावर शासनाने केलेला एक उपाय म्हणजे वयोमर्यादा वाढविणे. २०१६ साली राज्यसेवेत खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ व मागासवर्गीयांची ३८ वरून ४३ करण्यात आली. वरवर पाहता हा औदार्याचा निर्णय वाटतो, आणि भरती रखडल्याने ज्यांची संधी हुकली त्यांच्यापुरता तो न्याय्यही होता. परंतु वयोमर्यादा वाढविल्याने एकही जागा वाढत नाही. वाढते ती केवळ रांग. सरकारी तिजोरीला ज्याची पै पडत नाही अशी ही सवलत आहे, आणि म्हणूनच ती मागणाऱ्यांना व देणाऱ्यांना सारखीच सोयीची वाटते. तिची किंमत मोजतो तो पस्तिसाव्या वर्षी अभ्यासिकेच्या त्याच खुर्चीवर बसलेला माणूस. त्याच्या धाकट्या भावाचे लग्न झालेले असते, बापाचे हात थकलेले असतात, आणि दिवाळीला गावी जावे तर ‘यंदा काय झाले’ या प्रश्नाला उत्तर नसते. म्हणून तो दिवाळीलाही गावी जात नाही.

मुलींची स्थिती याहून निराळी आणि अधिक बिकट आहे. त्यांना कायदा अडतिसाव्या वर्षांपर्यंत मुदत देतो, घर मात्र दोन वर्षांची देते. पहिल्या प्रयत्नात यश आले नाही की स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. त्यामुळे एक परीक्षा पुढे ढकलली गेली तर मुलाचे एक वर्ष जाते, मुलीचे मात्र बहुधा सारेच जाते. वेळापत्रकातील ढिलाई ही स्त्रियांच्या बाबतीत विषमतेचे साधन बनते, हे मंत्रालयातील किती जणांच्या ध्यानी येत असेल?

या शहराचीही काही जबाबदारी आहे. पुण्याने गरीब विद्यार्थ्याला आश्रय दिल्याची परंपरा जुनी आहे. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्यांच्या कथा येथील घराघरांत सांगितल्या जातात. १९०९ साली सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह पुढे पूना विद्यार्थी गृह झाले. १९५५ साली स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण मुलामुलींना निवारा देण्याचे काम आजही करीत आहे. आज ज्यांच्याकडे जागा आहेत त्यांनी एका खोलीत सहा-सहा खाटा मांडून खाटेगणिक भाडे घेण्याचा सोपा मार्ग पत्करला आहे. व्यवसाय करणे गैर नाही. परंतु त्या खोलीला खिडकी असावी, जिन्याला दुसरी वाट असावी आणि अभ्यासिकेत आग लागली तर बाहेर पडता यावे, एवढी अपेक्षा वावगी नाही. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन उमेदवारांचा बुडून मृत्यू झाला. राजधानीत, पुस्तकांच्या कपाटांमध्ये, देशाचे भावी अधिकारी बुडून मेले. आमच्या महानगरपालिकेने अभ्यासिकांची नोंदणी व तपासणी नेमाने करावी आणि तिचा अहवाल नागरिकांपुढे ठेवावा. दिल्लीसारखी आपत्ती ओढवल्यावर चौकशी समिती नेमण्यापेक्षा हे काम कमी खर्चाचे आहे.

मग करावयाचे काय? ‘नोकरीच्या मागे न लागता उद्योग करा’ असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. हा उपदेश बहुधा ज्यांना महिन्याच्या एक तारखेस वेतन मिळते तेच करीत असतात. भांडवल, बाजारपेठ आणि पडल्यास सावरणारे घर यांपैकी काहीच नसलेल्या तरुणाला उद्योजक हो म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदी दाखविण्यासारखे आहे. आमच्या मागण्या त्यापेक्षा साध्या आहेत.

पहिली अशी की, वेळापत्रक हे केवळ माहितीचे पत्रक न राहता बंधन व्हावे. आयोग वार्षिक वेळापत्रक जाहीर करतो. परंतु निरनिराळ्या खात्यांनी रिक्त पदांची मागणीपत्रे वेळेवर पाठविली नाहीत तर आयोगाचाही इलाज चालत नाही. म्हणून मागणीपत्रांना ठरलेली तारीख असावी आणि ती न पाळणाऱ्या खात्याला विधिमंडळापुढे कारण द्यावे लागावे. जाहिरातीपासून नियुक्तिपत्रापर्यंतचा प्रवास किती महिन्यांत पुरा होईल हे जाहिरातीतच छापले जावे. उमेदवाराचा अर्ज एक मिनिट उशिरा आला तर तो स्वीकारला जात नाही. मग शासनाचे एक वर्ष उशिरा येणे का स्वीकारावे?

दुसरी अशी की, जे अखेरच्या पायरीपर्यंत पोहोचले त्यांची गुणवत्ता वाया जाऊ देऊ नये. केंद्रीय आयोगाने मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या पण निवड न झालेल्या आणि संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती इतर नियोक्त्यांपर्यंत पोहोचविण्याची योजना २०१८ पासून चालविली आहे. २०२५ साली तिला ‘प्रतिभा सेतू’ असे नाव देऊन तिचा विस्तार करण्यात आला. राज्यातील निमसरकारी मंडळे, सहकारी बँका आणि मोठे उद्योग यांनी अशा गुणवंतांकडे पाहावे यासाठी राज्य पातळीवरही भक्कम प्रयत्न व्हावेत. ज्याने राज्यघटना, अर्थशास्त्र, इतिहास आणि प्रशासन यांचा पाच वर्षे अभ्यास केला तो निरुपयोगी ठरावा, एवढा आपला समाज ज्ञानाने श्रीमंत झालेला नाही.

तिसरी मागणी उमेदवारांकडे आणि त्यांच्या पालकांकडे आहे, आणि ती आम्ही अधिकारवाणीने नव्हे तर आपुलकीने करीत आहोत. पुण्याची गाडी पकडण्यापूर्वी घरी बसून मुदत ठरवावी: इतके प्रयत्न, इतकी वर्षे. त्या काळात पोटापुरते मिळवून देईल असे एखादे कौशल्य हाताशी ठेवावे. आणि मुदत संपली की मागे फिरण्यास लाज वाटू देऊ नये. पालकांनीही मागे फिरलेल्या मुलाला पराभूत सैनिकासारखे वागवू नये. परीक्षा उत्तीर्ण न झालेले पण शिकलेले, कायदा जाणणारे, कचेरीत निर्भयपणे प्रश्न विचारू शकणारे तरुण गावोगाव परतले, तर गावाचे त्यात हितच आहे.

‘उमेदवार’ या शब्दाचा आपल्याकडे एक जुना अर्थ होता. कचेरीत कायमची जागा मिळावी म्हणून बिनपगारी काम करीत राहणाऱ्याला उमेदवार म्हणत. ती पद्धत अन्यायाची होती यात शंका नाही. तथापि त्या उमेदवाराच्या पदरी निदान कामाचा अनुभव तरी पडे. आजचा उमेदवारही बिनपगारीच आहे. त्याच्या पदरी मात्र वाट पाहण्याखेरीज काही पडत नाही. उमेदीशिवाय उमेदवार कसला? ती उमेद टिकवावयाची असेल तर शासनाने आपले वेळापत्रक, शहराने आपला धर्म आणि घराने आपली माया सांभाळली पाहिजे. जागा सर्वांना मिळणार नाहीत हे या तरुणांना ठाऊक आहे. ‘हो’ किंवा ‘नाही’ हे उत्तर वेळेवर मिळावे, एवढेच ते मागत आहेत. आणि ही मागणी नाकारण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.